मोर्चा म्हणजे वरात: अमेरिकेतल्या चळवळींबद्दल एका संघटकाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "अमेरिकेत दर काही महिन्यांनी लाखो लोक रस्त्यावर उतरतात. तरी पक्ष दोनच, पैसा तोच, चेहरे तेच. मग तळातून उठलेल्या चळवळींचा इथल्या राजकारणावर खरंच परिणाम होतो का, की नुसतं मनाचं समाधान? मी इथे एमएस करतोय, मतदार नाही. माझ्यासारख्याने यात पडावं का?"

मी मूळची नागपूरची. गेली बावीस वर्षं कॅलिफोर्नियात कामगारांच्या आणि भाडेकरूंच्या संघटना बांधायचं काम करते. आपल्याकडे ज्याला पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणतात, तोच हा उद्योग. फरक इतकाच की इथे पगार मिळतो, आणि गाडीच्या मागच्या सीटवर कायम क्लिपबोर्ड, पाण्याच्या बाटल्या आणि बुटांचा एक जास्तीचा जोड पडलेला असतो.

परिणाम होतो. पण तुम्ही ज्याकडे बघताय त्याने फारसा होत नाही. टीव्हीवर दिसणारा मोर्चा म्हणजे लग्नाची वरात. वरात केवढी निघाली यावरून संसार कसा चालेल ते कोणी सांगत नाही. किराणा कोण भरतं, आजारपणात कोण धावतं, हे विचारावं लागतं. चळवळीचंही तसंच असतं.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टच घेते, कारण ती जवळजवळ नेहमीच अर्धी सांगितली जाते. १ डिसेंबर १९५५, अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठल्या नाहीत, म्हणून त्यांना अटक झाली. शालेय आवृत्तीत पुढे येतं ते असं: दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक साधी बाई, मग एका तरुण पाद्र्याचं भाषण, मग न्याय. प्रत्यक्षात रोझाबाई १९४३ पासून एनएएसीपी या जुन्या हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेत सचिवाचं काम पाहत होत्या आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीला अशाच कारणावरून पोलिसांनी बसमधून ओढून नेलं होतं. आणि त्याच्याही आधी, मे १९५४ मध्ये, जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महापौरांना पत्र लिहून कळवलं होतं की बसमधली वागणूक सुधारली नाही तर लोक बसवर बहिष्कार टाकायचं बोलताहेत. तयारी होती, वाट फक्त निमित्ताची होती.

अटकेच्या रात्री या रॉबिन्सनबाईंनी काय केलं ते मी नव्या पोरांना मुद्दाम सांगते. त्या रात्री कॉलेजात गेल्या, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेतले आणि सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढत बसल्या. कागद वाचावा म्हणून एका पानावर तोच मजकूर तीनदा, मग पान कापायचं, गठ्ठे बांधायचे. हजारो पत्रकं. सकाळी आपला वर्गही घेतला. दुपारपर्यंत शाळा, केशकर्तनालयं, दुकानं, सगळीकडे गठ्ठे पोचले होते, कारण कोणता गठ्ठा कोणाच्या हातात द्यायचा याची माणसं त्यांच्या महिला मंडळाने वर्षानुवर्षं हेरून ठेवली होती. २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग या चित्रात येतात ते यानंतर.

आता खरा प्रश्न. शहरातल्या बसचे बहुसंख्य उतारू कृष्णवर्णीय. सोमवारी, ५ डिसेंबरला, ते बसमध्ये चढले नाहीत. एक दिवस जमलं. पण मंगळवारी धुणंभांडी करायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारी बाई कशी जाणार? सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, माणसं नेली. शहराने लगेच किमान ४५ सेंट भाड्याचा नियम दाखवला. मग खासगी गाड्या काढल्या, सुमारे ३०० गाड्या. उभं राहायच्या जागा ठरल्या, वेळा ठरल्या, गाड्यांचं नियोजन करणारी माणसं नेमली. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या, तेव्हा विमा कंपन्यांनी विमे रद्द केले. शेवटी लंडनच्या लॉइड्समार्फत विमा काढावा लागला. पेट्रोलचे पैसे कुठून? जॉर्जिया गिल्मोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने आणि इतर बायकांनी घरी तळलेलं चिकन आणि 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) करून विकले आणि दर आठवड्याला सभेत पैसे आणून दिले. आपल्या मंडळाचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'कुठूनच नाही क्लब'. पैसे कुठून आले असं कोणी विचारलंच तर उत्तर खरं द्यायची सोय!

हे ३८१ दिवस चाललं. आणि आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पहिल्या मागण्या अगदी मवाळ होत्या. चालकांनी नीट बोलावं, मागून आणि पुढून जसे येतील तसे बसू द्यावं, कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक घ्यावेत. वेगळी आसनव्यवस्थाच मोडा, असं सुरुवातीला म्हटलंच नव्हतं. शहराने एवढंही दिलं नाही, तेव्हा चार बायकांच्या नावाने संघराज्याच्या न्यायालयात दावा गेला. त्यांत ती पंधरा वर्षांची क्लॉडेट होती. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने कायम केला. गंमत बघा, त्याच दिवशी माँटगोमेरीतल्या न्यायालयात या गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी घालायची सुनावणी चालू होती. म्हणजे निकाल आला नसता तर बहिष्कार दुसऱ्या दिवशी लुळा पडला असता, आणि बहिष्कार नसता तर त्या निकालाकडे देशाचं एवढं लक्ष गेलं नसतं. नुसता खटला किंवा नुसता रस्ता, असं इथे कधीच पुरत नाही.

आता आपल्या गावाची गोष्ट. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज आहे. त्याच्यासमोरून मी कित्येक वर्षं लुनावर गेलेय. डिसेंबर १९५५ मध्ये त्या कॉलेजात जेम्स लॉसन नावाचा एक तरुण अमेरिकन कृष्णवर्णीय मेथडिस्ट शिकवत होता. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून तो तुरुंगात राहून आलेला, आणि गांधींची पद्धत मुळातून समजून घ्यावी म्हणून १९५३ मध्ये नागपुरात आलेला. 'नागपूर टाइम्स'मध्ये त्याने माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी वाचली आणि आनंदाने टाळ्या पिटल्या. मला हे कळलं ते अमेरिकेत येऊन सात-आठ वर्षं झाल्यावर, एका प्रशिक्षणात. शेजारच्या खुर्चीतल्या बाईला मी म्हटलं, "ते माझं गाव आहे." तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

लॉसन १९५६ मध्ये परतले, पुढच्या वर्षी किंगना भेटले. किंगनी त्यांना सांगितलं की दक्षिणेत या, आत्ताच या. ते टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेले आणि एका चर्चमध्ये आठवड्याच्या आठवड्याला विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. विषय: शहरातल्या दुकानांतले लंच काउंटर, जिथे कृष्णवर्णीय माणसाला खरेदी करता यायची पण बसून खाता यायचं नाही. वर्गात काय चालायचं? तालीम. निम्मी मुलं काउंटरवर बसलेली, निम्मी गोरे गुंड झालेली. केस ओढायचे, शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलायचं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्याला मार बसत असेल तर मध्ये कसं यायचं, हे पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचं. नियमांचा कागद होता: ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, उलट हात उचलू नका, मोठ्याने हसू नका, गटप्रमुखाला विचारल्याशिवाय जागा सोडू नका. ज्याला आपला राग आवरणार नाही असं वाटेल त्याने काउंटरवर जायचं नाही, दुसरं काम घ्यायचं. आपल्याकडच्या सत्याग्रही तुकड्यांची तालीम आठवेल.

१३ फेब्रुवारी १९६० ला मुलं दुकानांत जाऊन बसली. अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात अभ्यासाची पुस्तकं. दोन आठवड्यांनी गुंडांनी मारहाण केली आणि पोलिसांनी अटक केली ती विद्यार्थ्यांना. एक तुकडी पकडून नेली की दुसरी त्याच खुर्च्यांवर येऊन बसे. दंड भरायचं नाकारून मुलं तुरुंगात राहिली. लॉसन जिथे स्वतः शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. दरम्यान कृष्णवर्णीय घरांनी ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार टाकला होता, आणि दुकानदारांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता महापालिकेवर चालत गेले. तिथे डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सगळ्यांसमोर सरळ विचारलं: काउंटरवरचा भेदभाव संपवावा असं तुमचं मत आहे का? त्यांना हो म्हणावं लागलं. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर उघडले. मोर्चा होता, बरोबर. पण तो तयारीच्या कित्येक महिन्यांनंतर आणि गल्ल्यातली विक्री आटल्यानंतर निघाला.

त्या वर्गातूनच पुढे जॉन लुईस निघाले, जे तीन दशकांहून जास्त काळ अमेरिकी संसदेत होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांची कथा तुम्हाला कुठेही मिळेल, ती मी सांगत बसत नाही. एकच जोडते. ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झालेला स्थलांतराचा कायदा याच हवेत मंजूर झाला. त्याआधी भारताचा वार्षिक कोटा १०० माणसांचा होता. शंभर! नागरिकांमध्ये वंशावरून भेद करायचा नाही असं एकदा ठरल्यावर, बाहेरून येणाऱ्यांना देशावरून गाळण्याचं समर्थन करणं अवघड झालं. इथल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीत मी हे दोन-तीनदा बोलले आहे. काहींना आवडतं, काही जण मोदकाकडे वळतात.

आता तुमचा मुद्दा: पक्ष दोनच. खरं आहे. पण आपल्याकडे उमेदवारी मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरते, इथे ती प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. हे पहिल्यापासून इतकं मोकळं नव्हतं, आणि मोकळं व्हायलाही चळवळच कारणीभूत आहे. १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी सुमारे ७ टक्केच मतदार यादीत होते. नाव नोंदवायला गेलं की राज्यघटनेचं एखादं कलम काढून देत आणि अर्थ लिहा म्हणत, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवी. फॅनी लू हेमर ही शेतमजूर बाई १९६२ मध्ये नाव नोंदवायला गेली आणि त्याच दिवशी जमीनदाराने तिला अठरा वर्षांच्या घरातून बाहेर काढलं. पुढे तुरुंगात तिला जबर मारलं. अशा लोकांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या गोऱ्या प्रतिनिधी मंडळाला समांतर असं स्वतःचं मंडळ निवडलं आणि ऑगस्ट १९६४ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात जाऊन उभं केलं. हेमर साक्ष देत असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली, कॅमेरे तिकडे वळावेत म्हणून. वाहिन्यांनी संध्याकाळी तिची साक्ष दाखवली, तीही जास्त लोक टीव्हीसमोर असताना. पक्षाने दोन जागा देऊ केल्या. त्यांनी नाकारल्या आणि घरी गेले.

हरले ना? त्या आठवड्यापुरतं हरले. पण भेदभाव करून निवडलेली मंडळं पुढे बसवणार नाही असं पक्षाला तिथेच कबूल करावं लागलं. १९६८ मध्ये हेमर शिकागोच्या अधिवेशनात रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या. त्याच अधिवेशनात व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांचा असा भडका उडाला की पक्षाला उमेदवार निवडण्याचे नियमच बदलावे लागले आणि बंद खोल्यांतला कारभार प्राथमिक मतदानाकडे सरकला. मिसिसिपीतली नोंदणी १९६७ पर्यंत जवळजवळ ६० टक्क्यांवर गेली होती.

आणि हे दार सगळ्यांसाठी उघडं आहे, हे आमच्या बाजूच्या लोकांना पचत नाही. १० जून २०१४ ला व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाचे संसदेतले बहुमत नेते एरिक कँटर आपल्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत एका अनोळखी प्राध्यापकाकडून पडले. सात लाखांवर वस्तीच्या मतदारसंघात निकाल लावला सुमारे ६५ हजार मतांनी. २६ जून २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ यांनी दहा वेळा निवडून आलेल्या जो क्रॉली यांना पाडलं, तिथे तर एकूण मतं ३० हजारांच्या आतच होती. एवढ्या मतांना वाहिनीवरची जाहिरात लागत नाही, जिने चढणारी माणसं लागतात.

उजव्या बाजूच्या चळवळींना 'खऱ्या' न मानण्याची सवय माझ्या मित्रांना आहे. मला ती चूक वाटते. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये संसदेने मंजूर केली होती, ३८ राज्यांची संमती हवी होती. ३५ पर्यंत गाडी गेली आणि तिथेच अडकली, कारण फिलिस श्लाफ्ली यांनी गृहिणींची फौज उभी केली. या बायका राज्याच्या आमदारांना घरी भाजलेला पाव आणि मुरंबा नेऊन द्यायच्या. माँटगोमेरीत स्वयंपाकघरातून बहिष्कार चालला, इथे स्वयंपाकघरातूनच घटनादुरुस्ती अडली. मी दुरुस्तीच्या बाजूची आहे, पण त्या पावाचं कौतुक केल्यावाचून राहवत नाही. २००९ मध्ये 'टी पार्टी' या कर आणि सरकारी खर्चाविरुद्धच्या उजव्या चळवळीच्या लोकांनी खासदारांच्या गावातल्या सभा गाठल्या आणि २०१० मध्ये रिपब्लिकनांनी संसदेत ६३ जागा वाढवल्या. २०१६ नंतर डाव्या बाजूच्या 'इंडिव्हिजिबल' या गटाने काढलेली मार्गदर्शिका टी पार्टीच्याच पद्धतीवर बेतलेली होती, आणि लिहिणाऱ्यांनी ते लपवलंही नाही.

तुम्ही चाकांची सुटकेस ओढत फूटपाथवरून रस्त्यावर उतरता ना, तो उतारही असाच आलेला आहे. १९७३ च्या एका कायद्यात एक वाक्य होतं की सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही कामात अपंगांना वगळता येणार नाही. नियमांवर मात्र चार वर्षं सही होईना. ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून जास्त अपंग माणसं शिरली आणि मुक्कामाला राहिली. अनेकांची औषधं, मदतनीस घरीच. फोन तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खालच्या लोकांशी खुणांच्या भाषेत बोलणं चालू ठेवलं. ब्लॅक पँथरचे लोक रोज गरम जेवण आणून देत. हो, तेच, ज्यांच्यावरून आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं. २८ एप्रिलला सही झाली. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा मोठा कायदा त्यावर उभा राहिला.

आता जिथे जमत नाही तिथलं. २०२० च्या उन्हाळ्यात पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतर जेवढी माणसं रस्त्यावर आली, तेवढी या देशात क्वचितच कधी आली असतील. अनेक शहरांनी आणि राज्यांनी पोलिसांचे नियम बदलले, पण त्या नावाचं विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, अडकलं ते अडकलंच. मोर्चा न्यूयॉर्कमध्ये कितीही मोठा निघाला तरी सिनेटमध्ये विरळ वस्तीच्या वायोमिंग राज्याची मतं दोन आणि कॅलिफोर्नियाचीही दोन. चळवळीच्या ताकदीपेक्षा ती कुठे पसरलीय याला इथे जास्त महत्त्व आहे.

म्हणून शहाण्या चळवळी दार बदलतात. किमान वेतन संघराज्य पातळीवर जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधले सुमारे दोनशे फास्ट फूड कामगार १५ डॉलर मागत बाहेर पडले, तेव्हा आमच्या क्षेत्रातलेही लोक हसले होते. त्यांनी संसदेची वाट पाहिली नाही. २०१४ मध्ये सिॲटल शहराने १५ मान्य केले. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नगरसेविका क्षमा सावंत त्या लढ्यात पुढे होत्या. मग राज्यं आली. आणि २०२० मध्ये फ्लोरिडात, जिथे त्याच मतपत्रिकेवर ट्रम्प जिंकले, तिथे १५ डॉलरच्या प्रस्तावाला सुमारे ६१ टक्के मतं पडली. लागत होती ६०. म्हणजे लाखो लोकांनी एकाच कागदावर ट्रम्पना आणि पगारवाढीला, दोघांनाही मत दिलं. पक्षाच्या चष्म्यातून हे कळणार नाही, दारावर जाऊन बोलल्यावर कळतं.

त्याच फ्लोरिडाची दुसरी बाजूही सांगते. २०१८ मध्ये शिक्षा भोगून आलेल्या लोकांना मतदानाचा हक्क परत देणारी दुरुस्ती ६४ टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला की आधी सगळे दंड आणि न्यायालयीन फी भरा. कोणाची किती थकबाकी आहे हे सांगणारी एक धड नोंदही नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा असलेलं कलम २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकामी केलं. जिंकलेलं इथे कायमचं होत नाही. जिंकल्या रात्री केक कापून लोक घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी समोरच्यांची बैठक असते.

माझी स्वतःची हार ऐका. एका मध्यम आकाराच्या शहरात भाडेवाढीवर मर्यादा आणायची आमची मोहीम होती. कौन्सिलच्या बैठकीला आम्ही चारशे माणसं आणली. सभागृह भरलं, बाहेर जिन्यावर लोक, पोरं कडेवर, ढोल. मला वाटलं झालं काम. ठराव दोन मतांनी पडला. घरमालकांच्या संघटनेचा एक माणूस वर्षभर प्रत्येक सदस्याला दर महिन्याला भेटत होता, आणि त्या संध्याकाळी तो मागच्या रांगेत शांत बसून होता. ते एक झालं. खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. चारशे लोकांची हजेरी घ्यायला ठेवलेली पानं एका खुर्चीवर राहून गेली. सापडली तेव्हा त्यावर नव्वदेक नावं होती आणि निम्मे फोन नंबर वाचता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी फोन कोणाला करणार?

त्यानंतर आम्ही इमारतीमागून इमारत घेतली. पद्धत साधी आहे. दारावर जायचं, आपण कमी बोलायचं, समोरच्याला बोलू द्यायचं आणि बाहेर आल्यावर नावापुढे १ ते ५ मधला आकडा टाकायचा: १ म्हणजे पूर्ण सोबत, ५ म्हणजे विरोधात. नवे लोक सगळ्यांना १ देतात, कारण माणसं दारावर गोड बोलतात. म्हणून आकडा बोलण्यावर द्यायचा नाही, कृतीवर द्यायचा. बैठकीला आली का? शेजारणीला घेऊन आली का? एका इमारतीत तीन नंबरच्या घरातली बाई दाराची साखळी न काढताच बोलायची. मी तिच्यापुढे ४ लिहिला होता. तिसऱ्या खेपेला कळलं की अख्ख्या इमारतीची पोरं दुपारी तीच सांभाळते आणि तिने सांगितल्याशिवाय तिथली एकही आई कागदावर सही करत नाही. ती यायला लागल्यावर बावीस घरं आली. कामगार संघटनेतही हेच गणित. कायद्याने निवडणूक मागायला ३० टक्के सह्या पुरतात, पण जाणता संघटक ६०-७० टक्के होईपर्यंत अर्ज करत नाही, कारण मालकाने बैठका घ्यायला सुरुवात केली की त्यातले कितीतरी गळतात.

आपल्या समाजाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. प्रस्ताव क्षमा सावंत यांचाच. मग कॅलिफोर्नियाचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल न्यूसम यांनी ते परत पाठवलं, आत्ताच्या कायद्यात हे बसतंच असं म्हणून. बाजूने आंबेडकरी संघटना होत्या, विरोधात इतर भारतीय संघटना, आणि दोन्हीकडे मराठी माणसं. मी विधेयकाच्या बाजूने होते. पण विरोधकांनी आमदारांना किती फोन लावले आणि किती शिस्तीत लावले हे मी पाहिलंय, त्यामुळे निकालाचं आश्चर्य वाटलं नाही.

तर तुमच्यासारख्याने काय करावं. मतदार नोंदणीचा फॉर्म चुकूनही भरू नका. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर तो पुढे सरकवतात, तिथे नाही म्हणा, नागरिक नसताना भरलेला तो एक चौकोन पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी छळतो. उमेदवाराला वर्गणी देऊ नका, विद्यार्थी व्हिसावर ते बेकायदेशीर आहे. अटक होऊ शकेल अशा आंदोलनात उतरण्याआधी स्थलांतराच्या वकिलाशी बोला. हल्लीच्या वातावरणात साध्या निदर्शनाआधीही बोललात तरी मी भित्रा म्हणणार नाही.

पण तुमच्या शहराच्या कौन्सिलची बैठक बहुतेक मंगळवारी संध्याकाळी असते आणि तिथे बोलायला नागरिकत्व विचारत नाहीत. दाराजवळच्या टेबलावर चिठ्ठ्या असतात, नाव आणि विषय लिहून कारकुनाकडे द्यायची. दोन किंवा तीन मिनिटं मिळतात. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा नमस्कार-चमत्कारातच पिवळा लागला होता, म्हणून मागणी पहिल्याच वाक्यात सांगा. तुमच्या कॅम्पसला जाणारी बस रात्री किती वाजता बंद होते ते बघा, त्यावरूनच सुरुवात करा. एकटे जाऊ नका, त्या बसने रोज जाणारे चौघे सोबत न्या. आणि निघताना सगळ्यांचे नंबर स्वतःच्या हाताने, नीट वाचता येतील असे लिहून घ्या.